कुणी तीन वार म्हटलंच नाही

मी सलूनची खुर्ची बोलतेय. गोल फिरणारी, मागं कलणारी, ओतीव लोखंडाच्या पायाची. जे सांगणार आहे त्याची मला लाज वाटते. पण आत दाबून ठेवलं तर गंज चढेल, म्हणून सांगूनच टाकते.

कारखान्यातून मला एका तरुण कारागिरानं नेलं. तेव्हा माझं लाल रेक्झिन असं चकचकीत होतं की लोक बसायच्या आधी हात फिरवायचे. कारागीर अचानक वारला. सगळे म्हणाले, आता दुकान बसलं. पण त्याच्या बायकोनं, माझ्या मालकिणीनं, महिन्याच्या आत शटर वर केलं आणि कात्री हातात घेतली. दारात घोटाळणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकाला ती म्हणाली, "बसायचं तर बस, नुसतं बघायचं असेल तर पुढं चालू लाग." तो बसला. मग सगळेच बसायला लागले.

माणसाची जात मला बसण्यावरून कळते. डोक्यावर चार केस उरलेला माणूस म्हणतो, "मागून जरा कमी करा." आरशात बघून पोट आत ओढतात, पण वजन काय कमी होतं? ते मला विचारा.

बावीस वर्षं अशी गेली. मालकिणीच्या गुडघ्यांनी हात टेकले. महिनाअखेरीला दुकान सोडायचं ठरलं. घर तिसऱ्या मजल्यावर, आणि जिना इतका अरुंद की मी वळणारच नाही. भंगारवाला दोनदा डोकावून गेला. मालकीण त्याच्यावर कडाडली, "ही किलोवर जायची नाही. केस कापणाऱ्याच्याच दुकानात जाईल."

मग मालकिणीच्या लेकीनं माझे फोटो काढले आणि मला फोनवरच्या लिलावात चढवलं. आठ दिवस बोली, रविवारी संध्याकाळी सहाला बंद, वरची बोली ज्याची खुर्ची त्याची.

पहिल्याच दिवशी 'कात्रीवाली' नावाच्या एकीनं विचारलं, "पाठ पूर्ण मागं जाते का? मी घरोघरी जाऊन केस कापते. आता स्वतःची खोली घेतलीय."

"हिलाच मिळू दे गं," मालकीण म्हणाली.

पण मधेच कुणी 'वाघोबा' उपटला. ती शंभर चढली की हा दोनशे. ती थांबून थांबून चढायची, हा लगेच उडी मारायचा. आणि खरं सांगते, मी फुगले. या वयात माझ्यासाठी दोघं भांडतायत! ती बिचारी दमतेय हे दिसत होतं, तरी मला वाटत होतं, अजून चढू दे. रविवारी सहा वाजता वाघोबा जिंकला. कात्रीवाली दोन नंबरला राहिली.

सोमवारी मालकिणीनं मला तेल दिलं, पुसलं, चादरीत गुंडाळलं. वाघोबाचा पत्ता नाही. मंगळवारी चादर सोडली, कारण गिऱ्हाईक आलं. बुधवारी पुन्हा गुंडाळलं. गल्लीतला येणारा-जाणारा विचारायचा, "काय, गेली नाही का अजून?" मी चादरीखाली बरी होते.

सोमवारीच लेक म्हणाली होती, "आई, आधी आठवण करून द्यायची. चार दिवसांत पैसे आले नाहीत तर लिलावाच्या कंपनीला कळवायचं, मग दोन नंबरवालीला विचारायचं."

"आठवण मी करून देते," मालकीण म्हणाली. चौथी शिकलेली बाई, एका बोटानं टाइप करते, पण ते बोट वस्तऱ्यासारखं चालतं.

गुरुवारी सकाळी तिचे दीर दाढीला आले, चादर पुन्हा सुटली. दाढी त्यांची रोज, आणि फुकट. मालकिणीनं त्यांच्या गालाला फेस लावला, हात पुसला आणि फोन घेतला. मोठ्यानं बोलत टाइप केलं, "वाघोबा, शेपूट घालून कुठं बसलास? द्यायचं नव्हतं तर बोली कशाला लावलीस? गरिबाच्या तोंडचं काढून घेतलंस, नालायका."

पाठवलं. दिरांच्या खिशात टिंग वाजलं.

मला नवल नव्हतं. ते टिंग मी सोमवारपासून अंगावर घेत होते. रोज इकडून निरोप गेला की तिकडं खिशात थरथर, तेव्हा मात्र बिनआवाजाची. मला कळलं होतं. पण भाव वाढल्याच्या गुर्मीत मी ते मनावर घेतलं नाही.

मालकिणीनं दिरांकडं पाहिलं. मग नुसतं 'ऐक' एवढं लिहिलं आणि पाठवलं. टिंग.

"भाऊजी," ती म्हणाली. एव्हाना उजव्या हातात वस्तरा आला होता.

"वहिनी, आधी ते खाली ठेवा."

"तुम्ही वाघोबा?"

"तुमच्यासाठीच केलं हो. भाव चढावा म्हणून. जुन्या फर्निचरच्या लिलावात मी नेहमी असंच चढवून देतो. समोरच्याच्या बोलीला दोन वार झाले की गप्प बसायचं." फेसातून त्यांचा आवाज बारीक झाला. "मी वाटच बघत होतो, वहिनी. कुणी एक वार, दोन वार, तीन वार म्हटलंच नाही. एकदम फोन म्हणाला, अभिनंदन."

लेक हसायला लागली. मालकीण हसली नाही. वस्तरा खाली ठेवून बाकड्यावर बसली.

"चार दिवस मी जगाला चोर म्हणतेय," ती म्हणाली, "आणि चोर माझ्याच खुर्चीत दाढी करून घेतोय."

"आता कुणाला सांगू नका. कंपनीला कळलं तर तुमचंच नाव खराब होईल."

"होऊ दे. खराब केलंय तर खराब दिसू दे."

आधी तिनं लेकीला कंपनीकडं सगळं खरं लिहायला लावलं. मग कात्रीवालीला स्वतः लिहिलं, एका बोटानं, अर्धा तास. "तुझ्यासमोर आमच्याच घरचा माणूस होता. तू हरली नाहीस, तुला फसवलं. तुझ्या पहिल्या बोलीला खुर्ची तुझी. नको असेल तर शिव्या दे, मी वाचेन."

दुपारी उत्तर आलं. लेकीनं वाचलं, "मला वाटलं, माझीच ऐपत नाही. म्हणून खुर्ची बघायचंच सोडलं होतं."

त्या एका ओळीनं मालकिणीचे डोळे खाली गेले. आणि माझ्यातली हवा निघाली. माझा भाव चढला होता तो त्या पोरीला तिच्या स्वतःच्याच नजरेतून उतरवून.

शनिवारी ती टेम्पो घेऊन आली. काटकुळी, खांद्याला पिशवी. मालकिणीनं दिरांना बजावून बोलावलं होतं, "उचलायला तुम्हीच. आणि तिनं विचारलं तर खरं सांगायचं." कात्रीवालीनं मी मागं कलते का ते पाहिलं, आधी पैसे दिले. मालकिणीनं ते न मोजताच कनवटीला लावले.

तिनं आणि दिरांनी मला उचललं. दीर घामाघूम झाले. उंबऱ्यापाशी तिनं विचारलं, "काका, तुम्ही कोण?"

दिरांचे कान लाल झाले. "मी... तुम्हाला हरवणारा."

"मग नीट धरा," ती म्हणाली. "पुढं पायरी आहे."

आता मी तिच्या खोलीत आहे, एकाच खिडकीच्या उजेडात. रेक्झिनला भेग आहे, तिच्यावर तिनं पट्टी लावलीय. तुमच्याकडं एकच मागणं आहे. न्यायची नसेल ती वस्तू जिंकू नका. तुमचा खेळ होतो, आणि पलीकडं कुणीतरी स्वतःलाच गरीब समजून उठून जातं.