घुंगरांवरची चिंधी

ऐक रं दोस्ता, नुस्तं ऐक, मधी बोलू नगंस. मी एक घुंगुरकाठी हाय. जुनी न्हाय, दोनच पावसाळं बघितल्यात. खानापूरच्या रानाकडंला रवळूअण्णानं मला तासली, वर सात घुंगरं बांधली. रानात शिरलं की मला आपटायचं, छन् छन्! अस्वलाला लांबनंच कळतंय, ते वाट सोडतंय. त्येला माणूस खायचा नसतोय रं, वाळवी खायची असत्या. एकदम समोर गेलास तरच ते भ्यालेलं अंगावर येतंय.

आन् अळंबी कुठं उगवत्या? त्याच वाळवीच्या वारुळावर!

अण्णा शहरात, उद्यमबागेच्या फौंड्रीत कामाला, रविवारीच रानात जायचा. मागल्या रविवारी माझा आवाज धरून शेजारचा भरमू मागनं आला, आडवाटेनं पुढं घुसून अण्णाच्या आधी सगळी अळंबी काढून गेला. वर दारात येऊन हसतोय, "रवळू, तुझी काठी लई गुणाची रं! बराबर जागा दावती."

अण्णाची बायको, मंगलवैनी, पेटली. या रविवारी तिनं लुगड्याची चिंधी फाडली, माझ्या घुंगरांवर गच्च आवळली. "आता ये म्हणावं मागनं!"

मी मुकी झाले रं.

वारुळापाशी गेलो, तर पलीकडनं फुस्स फुस्स आवाज. अण्णा पुटपुटला, "भरमू! आज बी आधीच आलाय चोर." त्येला रंगेहात धरायला पाय न वाजवता गेला. वाकून बघतोय तर अस्वलीण. पाठीवर दोन पिल्ली. ती मागल्या दोन पायांवर उभी राह्यली.

अण्णानं मला हलवली. लई हलवली. मी वाजलेच न्हाय. "भरमू, भरमू" म्हणून वरडला. भरमू धावला असता रं, पण अण्णा रानात गेलाय ह्येच त्येला कळलं नव्हतं.

आता अण्णा अंगणात चादरीखाली हाय. भरमू रडतोय, कुऱ्हाड घिऊन माणसं गोळा करतोय. "काठी वाजत असून अंगावर आली, म्हंजे माणूसखाऊच! पिल्लांसकट मारू. घुंगरांचा काय उपेग न्हाय, फेका!"

कुणी बघायच्या आधीच वैनीनं माझं घुंगरांचं टोक पदराखाली झाकलंया. चिंधीच्या गाठीवर तिची बोटं हायत. सोडली तर सगळ्यांना कळतंय, ती कुणी बांधलीती. न्हाय सोडली तर ती पिल्ली हकनाक मरत्यात, आन् उद्या अख्खं गाव बिनआवाजाचं रानात शिरतंय.

सोड गं वैनी, सोड! मी आतल्या आत वरडाय लागलीया. माणसं निघाली बघ, भरमूनं फाटक उघडलं. तिच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस रं?