दहा आठवड्यांच्या वायरमनबाई

टेलिफोन ऑफिसातली नोकरी गेल्यावर वहिनीने दहा आठवड्यांचा वायरिंगचा कोर्स केला. पहिल्या नंबराने पास झाली आणि सर्टिफिकेटला प्लास्टिकही चढवून आणलं. पण धाकट्या दिराच्या लेखी त्या कागदाला काडीची किंमत नव्हती.

दीर तिच्याहून सात वर्षांनी लहान. नात्यात धाकटा, पण धंद्यात थोरला. एका खडूस उस्तादाच्या हाताखाली चार वर्षं त्याने भिंती खोदल्या, पाइप ओढले, बोलणी खाल्ली, तेव्हा कुठे त्याच्या हाती पक्कड आली. मोठ्या भावाने गळ घातली म्हणून त्याने वहिनीला जोडीला घेतलं खरं, पण रोज तोंडाचा पट्टा सुरूच. "पुस्तक वाचून कुणी पोहायला शिकलंय का, वहिनी?"

ती ऐकून घेत असे. गरज तिला होती.

त्या दिवशी दुपारी दोघं एका मोठ्या लाँड्रीत गेली. मागच्या शेडमधल्या कपडे वाळवायच्या मशीनची मोटर सारखी बंद पडत होती. कामाला हात घालण्याआधी वहिनीने पिशवीत चाचपलं आणि तिला आठवलं. मेन स्विच बंद केल्यावर कुणी तो चालू करू नये म्हणून लावायचं लाल कुलूप निघताना दिराने बाहेर काढून ठेवलं होतं. "कुलूप घराला लावतात, वहिनी. चार वर्षांत मी एकदाही लावलं नाही, जिवंत आहे की नाही?"

त्याने मेन पाडला. खिशातला मोबाइल, किल्ल्या, हातातलं घड्याळ काढून तिच्या पिशवीत टाकलं. "तुम्ही इथंच थांबा. तिकडं तेलकट आहे सगळं."

म्हणजे पुन्हा आपल्याला खुंटीला टांगलं, असं तिच्या मनात आलं. तो मागच्या शेडकडे निघून गेला आणि ती मेनपाशी उभी राहिली.

पंधरा मिनिटं झाली असतील नसतील, लाँड्रीचा मॅनेजर तरातरा आला. गडी धिप्पाड, शर्ट घामाने चिंब. हॉस्पिटलच्या चादरी अर्ध्या धुऊन मशीनमध्ये अडकल्या होत्या आणि गाडी दारात उभी होती.

"बाई, चालू करा लाइट."

"काम चाललंय अजून."

"झालंय. मी दारातनं विचारलं, झालं का? तर त्यांनी हात केला."

वहिनी घोटाळली. दिराचं काम झपाट्याचं, हे तिला ठाऊक होतं. झालंही असेल. उगीच अडवून धरलं तर हा माणूस दिरालाच फैलावर घेणार, आणि घरी जाऊन दीर तिला.

"ते स्वतः येऊन सांगू देत," ती म्हणाली.

"मग फोन लावा ना त्यांना!" म्हणत मॅनेजरने आपणच नंबर लावला. तिच्या पायाशी पिशवीत दिराचा फोन वाजू लागला. दोघंही त्या आवाजाकडे बघत राहिली. तिने मागच्या दिशेने जोरात हाक मारली. बॉयलरच्या फुसफुशीत ती विरून गेली.

"तुम्ही कोर्सवाल्या ना?" मॅनेजर म्हणाला. "तुमचे दीरच सांगत होते मघाशी. दहा आठवड्यांच्या वायरमनबाई! सरका."

ते वर्मी लागलं. त्याच क्षणी मॅनेजरचा हात तिच्या खांद्यावरून मेनच्या दांड्याकडे गेला.

तिने तो हात कोपराने उडवला. मेनचं झाकण उघडलं आणि चिनी मातीचा पहिला फ्यूज उपसून काढला. मग दुसरा. तिसरा घट्ट बसला होता. तिने दात-ओठ खाऊन ओढला. तिन्ही पिशवीत टाकले आणि पिशवी छातीशी धरली.

"आता खुशाल दांडा ओढा," ती म्हणाली.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला? मालकांना फोन करतो!"

"करा."

आणि ती पळत सुटली. ओल्या फरशीवर दोनदा पाय घसरला. मागच्या शेडमध्ये दीर मशीनखाली कुशीवर आडवा झाला होता. मोटरचा डबा उघडा, दोन्ही हात आत, आणि तीन उघड्या तारांची टोकं त्याच्या बोटांत.

"भाऊजी, झालं म्हणून सांगितलंत तुम्ही?"

"झालं? होतंय म्हटलं. थांबा म्हणून हात केला." त्याने मान वळवली. तिच्यामागे धापा टाकत आलेला मॅनेजर त्याला दिसला. मॅनेजरला त्या तारा दिसल्या. त्याचा चेहरा राखेसारखा झाला आणि तो भिंतीला टेकला.

दिराने हळूच हात बाहेर काढले. तळवे उलटसुलट करून पाहिले.

काम तासाभराने संपलं. मालकाने फोनवरून सांगितलं, पुन्हा त्या बाईला आणू नका, अंगावर धावून येते. दीर म्हणाला, "मग मीही येत नाही," आणि फोन ठेवला.

बाहेर पायरीवर बसून त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या, पुन्हा बांधल्या.

"मोटरच्या त्या तारा तुम्हाला जोडता आल्या असत्या?"

"नाही," वहिनी म्हणाली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "चित्रात बघितल्यात. हातात कधी आल्या नाहीत."

"मग उद्यापासून तुम्ही जोडायच्या. मी बघेन."

"चुकले तर?"

"तीच तर पंचाईत आहे. उस्ताद आम्हाला शिव्या घालून शिकवायचा. दुसरी पद्धत मला येत नाही, आणि वहिनीला शिव्या घातल्या तर दादा मला घरात घेणार नाही."

तिला हसू फुटलं. ती त्याच्याशेजारी पायरीवर बसली.

"घाला," ती म्हणाली. "घरी नाही सांगत."

दुसऱ्या दिवशी एका पिठाच्या गिरणीत तिने मोटरच्या तारा जोडल्या. त्याने काही न बोलता त्या उपसून काढल्या. तिने पुन्हा जोडल्या, त्याने पुन्हा काढल्या. चौथ्या वेळी त्याने प्रत्येक तार ओढून पाहिली, डब्याचं झाकण लावलं आणि स्क्रू आवळायला स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला.