फायलीत नसलेला दम

दुपारी नोंदींच्या खोलीत ऊन तिरपं येई. मग कपाटांतल्या फायली झोपेत हळूच श्वास घेतायत, असं फाइलकाकांना वाटे. दवाखान्यात सगळे त्यांना फाइलकाकाच म्हणत. बत्तीस वर्षं कागदांत काढल्यावर माणसाला असं काहीबाही वाटणारच, अशी ते स्वतःची समजूत घालत.

सध्याचं काम मात्र नवं होतं. संधिवाताच्या चारशे रुग्णांच्या फायली वाचायच्या, सांध्यांखेरीज आणखी कोणती दुखणी सोबतीला आहेत ते शोधायचं आणि गुण द्यायचे. मधुमेहाला एक, फुप्फुसाच्या जुन्या आजाराला एक, मूत्रपिंडं बिघडली असतील तर दोन. बेरीज जितकी मोठी, तितका पुढच्या वर्षांचा भरवसा कमी.

"शाळेच्या उलट आहे, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "इथे ज्याला भोपळा, त्याचा पहिला नंबर. आणि हो, लिहिलंय तेवढंच मोजायचं. पदरचं काही घालायचं नाही."

तीनशे अकरावी फाइल त्यांच्या बायकोची निघाली.

त्यांनी पानं उलटली. मधुमेह, एक. पुढे काहीच नाही. फक्त एक! त्यांनी चष्मा काढला. समोरचं ऊन विरघळत गेलं आणि त्यात त्यांना आपल्या घराचा जिना दिसला. पहिल्या वळणावर बायको उभी होती, पर्समध्ये किल्ली शोधत. दुसऱ्या वळणावरही तेच. बिचारीची बोटं आखडतात, म्हणून वेळ लागतो, असं ते सहा महिने धरून चालले होते. पण घर तर तिसऱ्या मजल्यावर. पहिल्यावर किल्ली कशाला लागते?

त्यांनी पेन्सिलीने दोन लिहिलं. खोडलं. गुणांचा चौकोन कोराच ठेवून ते घरी गेले.

सकाळी रोजच्यासारखे तिचे हात कोमट पाण्यात धरून ते बसले. पाण्यात तिची वाकडी बोटं हळूहळू उमलत होती.

"अहो, माझी फाइल आली का हातात? किती गुण?"

"एक."

"बघा! आहे की नाही हुशार?"

"कॉपी केलीस तू."

"मी? कुणाची?"

"पहिल्या मजल्यावर किल्ली शोधतेस. आपलं कुलूप काय तिथे असतं?"

पाण्यावरचा उजेड भिंतीवर थरथरत राहिला.

"दम लागतो," ती म्हणाली. "पण सांगितलं की फाइल जाड होते हो. आणि रात्रंदिवस त्या फायली वाचणारा माणूस माझ्याच घरात."

"मी घाबरेन म्हणून?"

"नाहीतर काय! तुम्ही पाल दिसली तरी खुर्चीवर चढता."

"चढेन. पण कागदावर नसलेल्या आजाराला औषध कोण लिहिणार गं?"

त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीला बराच वेळ नळी लावली. डोळे मिटून, जणू लांबून येणारं काही ऐकत होत्या. मग त्यांनी चार ओळी लिहिल्या आणि फुप्फुसाची तपासणी सांगितली. तपासणीचं कळेपर्यंत तो चौकोन कोराच राहणार होता.

संध्याकाळी दोघं जिना चढू लागली. पहिल्या वळणावर ती थांबली. पर्स उघडली नाही. कठड्याला धरून मोठ्यानं म्हणाली, "दम लागला."

"मलाही," फाइलकाका म्हणाले. ते खरं नव्हतं, पण ते तिच्याशेजारी टेकून उभे राहिले.