चाचणीची नोंद

नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदी तळमजल्यावरच्या दोन सर्व्हरमधून उचलून क्लाउडवर नेण्यासाठी मला सहा महिन्यांच्या करारावर घेतलं होतं. शहर माझ्या ओळखीचं नव्हतं. दिवसभरात मी ज्यांच्याशी चार वाक्यं बोलत असे ते एकटे सर्व्हरकाका.

त्यांचा हुद्दा डेटा ऑपरेटरचा. पण एकोणीस वर्षं सर्व्हरच्या खोलीत काढल्यावर हुद्दा कोण विचारतो? एसी कायम अठरावर असे, म्हणून काका बारा महिने स्वेटर घालत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी दुसऱ्या खुर्चीवरचं खोकं उचललं, तर खाली खोक्याच्या मापाचा स्वच्छ चौकोन निघाला. बाकी खुर्चीवर धूळ. त्या खुर्चीत किती वर्षं कुणी बसलं नसेल याचा मी मनातल्या मनात अंदाज केला आणि विचारायचं टाळलं.

पाचव्या महिन्यात माझ्या हातून चूक झाली.

जुन्या प्रणालीत चाचणीसाठी वेगळी जागा नव्हती. प्रोग्रॅममध्ये बदल केला की तो नीट चालतो का हे पाहायला खऱ्या नोंदींमध्येच एक खोटी नोंद करावी लागे, आणि एकदा केलेली नोंद पुसता येत नसे. दुसऱ्या कुणाला उगाच कशाला मारायचं, म्हणून काका दर वेळी स्वतःचाच मृत्यू नोंदवत. 'जवळचे नातेवाईक' हा रकाना रिकामा सोडला तर गाडी पुढे सरकत नसे. तिथे ते धाकट्या भावाचं नाव आणि फोन नंबर टाकत, कारण तेवढाच एक नंबर त्यांना तोंडपाठ होता. खोटी नोंद ओळखू यावी म्हणून क्रमांकाच्या शेवटी एक फुली मारत. फुलीवाल्या तेवीस नोंदी मी वगळल्या. पण फुलीची युक्ती काकांना सुचली ती दुसऱ्या खेपेला. पहिली नोंद, अकरा वर्षांपूर्वीची, फुलीशिवाय होती. बेचाळीस हजार खऱ्या मृतांबरोबर तीही नव्या प्रणालीत गेली.

सोमवारी सकाळी साडेदहाला नव्या प्रणालीनं प्रत्येक नोंदीतल्या नातेवाइकाला मेसेज पाठवला: अमुक यांच्या मृत्यूची नोंद आता ऑनलाइन उपलब्ध आहे, दाखला पाहण्यासाठी खालची लिंक उघडा. अकरा वाजता नोंदणीच्या खिडकीवरच्या बाई यादी घेऊन खाली आल्या. हसून हसून त्यांना धड बोलता येत नव्हतं.

"काका, तुम्ही अकरा वर्षांपूर्वीच गेलात की हो. मग रोज माझा अर्धा चहा पिऊन जातो तो कोण?"

काकाही हसले. बाई परत गेल्या. मी मात्र कीबोर्ड पुढे ओढला. लगेच रद्द करते, दोन मिनिटांचं काम आहे, असं मी म्हणाले. काका माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होते. नव्या प्रणालीत प्रत्येक मेसेजपुढे दोन रकाने होते: पोचला का, आणि लिंक किती वेळा उघडली. काकांच्या नोंदीपुढे चार हा आकडा होता.

"चार वेळा," ते म्हणाले. "थांब जरा."

"काका, त्यांना वाटत असेल की तुम्ही..."

"अकरा वर्षं मेलोय मी. आणखी दोन तासांनी काय बिघडतंय?"

जिवंत माणसाची मृत्यूनोंद जाणूनबुजून राहू देणं कुठल्याच नियमात बसत नव्हतं. तिकडे एक माणूस उगाच शोक करत असणार हेही मला कळत होतं. तरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबायचं मी कबूल केलं. पाच महिन्यांत काकांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, याशिवाय माझ्याकडे त्याचं कारण नाही.

त्या दोन तासांत त्यांनी तुटक तुटक सांगितलं. आई शेवटच्या आजारात धाकट्याकडे होती. काका आज निघतो, उद्या निघतो करत राहिले; सर्व्हर सोडून येता येत नाही म्हणाले. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. भावानं दारातच एक वाक्य ऐकवलं. कुठलं, ते काकांनी सांगितलं नाही. त्याला तेरा वर्षं झाली. काकांनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे मध्ये पडणारंही कुणी नव्हतं.

भाऊ आता फोन करेल, असं त्यांचं म्हणणं होतं. मेलेल्या माणसावर कुणी किती राग धरणार?

आकडा सहा झाला. मग नऊ. दाखल्यात वाचण्यासारख्या जेमतेम सात ओळी होत्या, आणि भाऊ कुठेतरी बसून त्या पुन्हा पुन्हा उघडत होता. काकांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

एक वाजून दहा मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला. चौकशीसाठी म्हणून दाखल्यावर याच खोलीचा नंबर छापला होता. काकांनी हात पुढे केला, मग मागे घेतला आणि मला खूण केली.

पलीकडच्या माणसानं आधी नोंदीचा क्रमांक सांगितला, एकेक अंक सुटा करून. आपण मृताचे भाऊ, म्हणाला. अकरा वर्षांत आपल्याला कुणी कळवलं नाही. पण तक्रार करायला फोन केलेला नाही, आपणही कधी चौकशी केली नव्हती. फक्त एक विचारायचं होतं.

"शेवटी त्याच्याजवळ कोण होतं?"

मी सांगून टाकलं. नोंद चाचणीची आहे, चूक माझी आहे, ते हयात आहेत आणि या क्षणी माझ्यासमोर बसलेत. फोन देऊ का, असंही विचारलं.

"तिथे आहे तो?"

"हो."

"बरा आहे?"

"बरे आहेत."

"मग राहू दे," तो म्हणाला. "कामात असेल."

आणि त्यानं फोन ठेवला.

काकांना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. शेवटचं वाक्य गाळता आलं असतं, पण गाळलं नाही. कामात असायला आता काही उरलंही नव्हतं. दोन्ही सर्व्हर शुक्रवारपासून नुसते चालू होते.

"त्याला खरं वाटलं," ते म्हणाले. "तारीख अकरा वर्षांपूर्वीची, तरी खरं वाटलं."

मी नोंद रद्द करायला घेतली. कारणांच्या यादीत 'व्यक्ती हयात' असा पर्याय नव्हता, म्हणून 'लेखनिकाची चूक' निवडला. शेवटी प्रणालीनं विचारलं, नातेवाइकाला कळवायचं का? त्यांना तर कळलंच होतं. मी 'नाही'वर बाण नेला.

"हा मेसेज कुणाच्या नावानं जातो?" काकांनी विचारलं.

"नगरपालिकेच्या."

"माझ्या नाही ना?"

"नाही."

"मग पाठव."

मी पाठवला. पोचल्याची खूण लगेच आली. लिंक उघडल्याच्या रकान्यात शून्य होतं. काकांनी आपली खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढली, स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत खाली घेतल्या, आणि आम्ही दोघं त्या शून्याकडे बघत बसलो.