डोळ्यातली वाळू

राजोडीच्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. नेत्रबाबा आले होते! औषध नाही, सुई नाही. बाबा नुसती डोळ्यावरून जीभ फिरवत आणि कोरड्या, चुरचुरत्या डोळ्यातून वाळू काढून तळहातावर ठेवत. मग पापणीवर अंगठा फिरवला की डोळ्याला धारा लागत.

"बग, बग, पानी आला!" रांगेतली एक मासेवाली ओरडली. लोकांनी हात जोडले.

सुभद्राबाई रांगेत उभ्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनीही असेच हात जोडले होते. जन्म फुलांच्या वाडीत गेलेला. डोळ्यात कुसळ गेलं की आजी जिभेनेच काढायची. म्हणून डोळे खुपू लागले तेव्हा माणिकपूरच्या डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्यांना पटलं नव्हतं. "आत काही गेलेलं नाही. अश्रू कमी पडताहेत, म्हणून वाळूसारखं खुपतं. थेंब घालत राहा, पापण्या गरम फडक्याने शेका." बाबांनी मात्र वाळू काढून दाखवली आणि थेंबांची बाटली समुद्रात फेकायला लावली. त्यांच्या तोंडातले जंतू कोरड्या डोळ्यात शिरले, जखम झाली आणि ती चिघळली. डावा डोळा काढावा लागला.

आता तिथे बसवलेला डोळा होता, इतका हुबेहूब की शेजारणीलाही कळत नसे. सुभद्राबाईंना सूड हवा होता, आणि तो भर गर्दीत हवा होता. लेक विनिता मोबाइल सरसावून मागे उभी होती.

"कुठला डोळा, माई?" त्यांचा नंबर आल्यावर बाबांनी विचारलं.

"डावा. फार खुपतो हो."

बाबांनी पापणी उचलली. "अरारा! डॉक्टरांनी थेंब घालून घालून झराच आटवला! पण माई, बुबुळ जिवंत आहे. तळाशी वाळू चमकतेय, मला दिसतेय ना!"

जीभ फिरली. तळहातावर वाळू पडली. रांग सांभाळणारा धिप्पाड फर्डिनंड सगळ्यांच्या आधी जयजयकार करू लागला. पुढचा नंबर त्याच्या बायकोचा होता.

सुभद्राबाईंनी खालची पापणी ओढली, डोळा अलगद काढला आणि बाबांच्या तळहातावर वाळूशेजारी ठेवला.

"घे. प्लास्टिकचा आहे. यातून वाळू काढलीस ना? खरा डोळा तूच खाल्लास, मेल्या!"

बाबा ओठ घट्ट मिटून उठू लागला. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे फर्डिनंडने तिथल्या तिथे करून दाखवलं. गालातून ओल्या वाळूची गोळी बाहेर पडली.

विनिताने बाबाचा अंगठा हुंगला. "पेपरमिंट! हे झोंबतं म्हणून पाणी येतं. कांदा चिरतानाही येतं. त्याने कोरडा डोळा बरा होत नाही."

"माई, चुकलो. माफ करा," बाबा रडवेला झाला.

"माफी नाही. पोलीस येईपर्यंत तो डोळा हातात धरून बस. खाली ठेवलास तर बघ."

बाबा डोळा धरून बसला. सुभद्राबाईंना बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

मग रिकामी खोबण तशीच उघडी ठेवून त्या फर्डिनंडच्या बायकोकडे वळल्या. "खुपतंय म्हणजे आत वाळू आहेच असं नाही गं. डॉक्टरला तपासू दे. कुणी काही काढून दाखवलं, तर ते आधी कुठे होतं, हे विचारत जा. मी विचारलं नाही. बघ माझ्याकडे."

बाईने पाहिलं, आणि रांगेतून बाहेर पडली.