रस्त्याकडची खोली

अय्यो, त्या दिवशी माझ्या पायाला नुसती भिंगरी लागली होती! सकाळी अग्रहार पेठेतलं जुनं घर बघायचं, दुपारी विजयनगरातला नवाकोरा फ्लॅट, आणि संध्याकाळच्या आत दोन्हीतलं एक पक्कं करायचं.

माझं तर सकाळीच पक्कं झालं. अग्रहारातल्या घराची फरशी तडकलेली, भिंतींचा रंग उडालेला, किंमत फ्लॅटच्या निम्मी. पण त्या घराला रस्त्याकडे उघडणारी एक खोली होती! आम्ही शिंपी माणसं. लग्न झाल्यापासून मी भाड्याच्या घरात पलंगाला खेटून मशीन ठेवते नि ब्लाउज शिवते. गिऱ्हाईक आलं की आधी पांघरुणं गोळा करायची, मग माप घ्यायचं. त्या खोलीत पाय ठेवला आणि मला सगळं दिसायलाच लागलं. इथे मशीन, तिथे आरसा, दारात बायकांच्या चपलांचा ढीग! फ्लॅटमध्ये असला धंदा चालत नाही, हे तरुण नावाच्या एजंटनं आधीच सांगून टाकलं होतं.

आमचे श्रीवत्स मात्र फ्लॅटवर फिदा. लिफ्ट काय, पार्किंग काय! वर मलाच म्हणतात, "किती दिवस शिवत बसणार तू? साकु आता!" साकु म्हणजे कानडीत पुरे. असला राग आला म्हणून सांगू! पुरे म्हणणारे हे कोण?

पण शेवटचा शब्द होता सासूबाईंचा, कारण पैसे त्यांचे. मी त्यांना आत्या म्हणते. नाव जानकीबाई. अग्रहारातलं सगळं घर हिंडून आल्या, पण तोंडातून अक्षर नाही. मूग गिळून रिक्षात बसल्या.

फ्लॅटमध्येही तेच. बेडरूम बघितल्या, बाल्कनी बघितली, गप्प. स्वयंपाकघरात नळ सोडून बघितला, बंद केला, खिडकीतून खाली वाकल्या आणि तरुणला म्हणाल्या, "हौद?"

झालं! तरुण पडला कानडी, आणि कानडीत हौदु म्हणजे हो.

"हौदा अज्जी? सूपर!" तरुणनं टाळीच वाजवली. श्रीवत्सनी त्याला मिठी मारली. गेली माझी खोली! डोळे भरून आले ते दिसू नयेत म्हणून मी बाल्कनीत पळाले.

तेवढ्यात आतून आत्यांचा आवाज चढला. "अरे, पाण्याचा हौद कुठाय म्हणून विचारतेय मी! नळ गेला तर काय करायचं? हो कुणी म्हटलं?"

मला रडता रडता हसू फुटलं. पळत आत आले. तरुणचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"मग अम्मा, हो की नाही ते तरी सांग!" श्रीवत्स वैतागले.

"नाही. अग्रहारातलं घ्यायचं."

"अगं, किती जुनं आहे ते!"

"असू दे." आत्यांनी पदर खोचला. "लग्न होऊन आले तेव्हापासून मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून कोटांना बटणांची काजं केली मी. पुढे दुकानात तुझे वडील. लोक कोट घालून बघायचे, वा वा म्हणायचे, ते मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. दिसलं कधी नाही. आता मला पुढच्या खोलीत बसायचंय रे. हिच्याबरोबर. काज करताना मान वर केली की माणसं दिसायला हवीत मला."

श्रीवत्स हळूच म्हणाले, "अम्मा, इतकी वर्षं हे बोलली का नाहीस?"

"मला काय हवं ते कुणी विचारलंत का कधी?"

मी मागचा-पुढचा विचार न करता त्यांच्या गळ्यातच पडले. हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना.

"सोड गं बाई, नंतर रड!" आत्या मला ढकलत चपला शोधायला लागल्या. "आधी रिक्षा बोलाव. तेवढ्यात दुसऱ्या कुणी घेतलं म्हणजे?"