थोरली आणि मास्तरांचे दात

थोरली गेली त्याच्या तिसऱ्या दिवशीही घरात माणसांची रीघ होती. जो येई तो तिच्याबद्दल काहीतरी सांगे आणि डोळे पुसे. धाकटी सून ऐकत होती, पण तिला राहून राहून मास्तरांचे दात आठवत होते, आणि भरल्या घरात हसू कसं दाबावं ते तिला कळत नव्हतं.

थोरली म्हणजे तिची सासू. तीन भावांच्या कुटुंबातली मोठी सून, म्हणून घरचे थोरली म्हणायचे; मग सगळी गल्लीच म्हणायला लागली. तीस वर्षं तिने इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री केली. निवृत्त झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात पुढच्या दोन खोल्यांत चार खाटा नि सहा खुर्च्या मांडल्या. ज्यांची मुलं कामावर जातात अशा म्हाताऱ्या माणसांना ती सकाळी आठ ते संध्याकाळी सहा सांभाळायची. "म्हातारं माणूस म्हणजे काय ट्रंक आहे, कुलूप लावून निघून जायला?" असं तिचं म्हणणं.

धाकटी लग्न होऊन आली आणि बघते तर काय! माहेरी फोन करून म्हणाली, "आई, लग्न एकाशी केलं, पण सासू-सासरे नऊ निघाले गं." ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. चुका शोधणं हा तिचा धंदाच, आणि थोरलीत तर त्या पैशाला पासरी सापडत होत्या. थोरलीची जीभ म्हणजे कात्री. स्वतःचा मुलगा तापाने फणफणला होता तेव्हाही बाई दुसऱ्याच्या गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. धाकटीने ते बरेच दिवस मनात धरून ठेवलं.

मग ते मास्तरांचं घडलं.

मास्तर निवृत्त गणिताचे. त्यांची मुलगी बस चालवायची, त्यामुळे ते रोज इथे असत. निमोनिया होऊन महिनाभर इस्पितळात राहून आले आणि त्यांनी जेवण सोडलं. घास पुढे केला की तोंड फिरवायचे. बोलायचेही नाहीत, काहीतरी पुटपुटायचे, ते कुणाला समजायचं नाही. डॉक्टर म्हणाले, "वय झालं. मनानेच घेतलंय त्यांनी." बसवाली दारात बसून रडली.

थोरली दोन दिवस मास्तरांसमोर खुर्ची टाकून नुसती बघत बसली. मग म्हणाली, "रुसलेला माणूस ताटाकडे बघत नाही. हे बघतात, आणि आवंढा गिळतात. याचा अर्थ भूक आहे." तिने हात धुतले. "मास्तर, आ करा."

मास्तरांनी मान हलवली.

"मी काही तुमची विद्यार्थिनी नाही डोळ्यांना भिणारी. करा आ!"

हिरड्या सोलवटून लाल झाल्या होत्या. थोरलीने अलगद कवळी काढली, धुतली, बशीत ठेवून खिडकीत नेली आणि धाकटीला हाक मारली. "तू दिवसभर चुका काढतेस ना? मग हिच्यातली काढ."

धाकटीने पाहिलं. तिला काहीच दिसेना. पण मागून डोकावलेली बसवाली ओरडली, "अगं बाई! बाबांचा पुढचा दात टवका उडालेला आहे. पेनचं टोपण दातांनी काढायची सवय त्यांना. हे दात बाबांचे नाहीतच!"

ओठ एकाचे नि दात दुसऱ्याचे! इस्पितळात कवळ्यांची अदलाबदल झाली होती.

धाकटीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ती नि थोरली इस्पितळात गेल्या. खिडकीतला कारकून हसला. "आजी, आम्ही कवळ्यांची नोंद ठेवत नाही."

"तुला दुसऱ्याचे बूट घालून महिनाभर चालायला लावलं तर हसशील का रे?" थोरली म्हणाली, आणि त्याच्या उत्तराची वाट न बघता जिन्याने सरळ वर गेली. तो सगळा परिसर तिच्या पायाखालचा. वॉर्डातल्या जुन्या नर्सबाईंनी तिला ओळखलं, आणि मास्तरांच्या शेजारच्या खाटेवर कोण होतं ते आठवून सांगितलं. म्हातारा सुतार. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारा.

दोनदा बस बदलून त्या तिथे पोचल्या. सुतारही तीन आठवडे दुधावर होता. मुलाने लांबच्या नातेवाइकांना बोलावणीसुद्धा धाडली होती. उशाशी पेल्यात कवळी होती, पुढच्या दाताचा टवका उडालेली. "बोचतात म्हणून काढून ठेवले," सुतार बोळक्या तोंडाने म्हणाला. त्याचे दात थोरलीने पिशवीतून नेलेच होते. ते बसवताच त्याने मुलाला पहिला हुकूम सोडला: भाकरी आण, आणि कडक आण.

संध्याकाळी मास्तरांच्या तोंडात त्यांचे दात गेले. त्यांनी जबडा दोनदा वाजवून पाहिला, सगळ्यांकडे रागाने बघितलं आणि स्पष्ट शब्दांत म्हणाले, "तीन आठवडे मी हेच सांगत होतो!"

सांगून सांगून त्यांच्या दाताच्या कण्या झाल्या असत्या, पण दात होते कुठे! हसून हसून सगळ्यांच्या पोटात दुखायला लागलं. हिरड्या बऱ्या होईपर्यंत थोरलीने त्यांना मऊ भात भरवला. मास्तर पुढे चार वर्षं जगले.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये थोरली धाकटीच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. मांडीवर तिचे हात, इस्त्रीचे जुने चटके उमटलेले. धाकटी ते हात बघत बसली. इतके जण 'वय झालं' म्हणून मोकळे झाले होते, आणि ही एकटीच तोंड उघडून बघायला गेली होती. दुसऱ्या दिवसापासून छापखान्यातून आल्यावर धाकटी कुणी न सांगता म्हाताऱ्यांची नखं कापायला बसू लागली.

थोरली स्वतः आजारी पडली तेव्हा मात्र कुणाला हात लावू देईना. शेवटी एकदा धाकटीने दार लावून घेतलं, ऊन पाण्याची बादली आणली आणि तिला स्पंजने पुसायला घेतलं. थोरली डोळे मिटून म्हणाली, "पाणी कोपराने बघ. हाताला काही कळत नाही." मग बऱ्याच वेळाने, "बरं वाटलं गं."

आज माणसं पांगली तेव्हा धाकटीचा नवरा म्हणाला, "आता सोमवारपासून पुढच्या खोल्या बंद ना?"

"चार जणांना येऊ दे," ती म्हणाली. "नऊ मला झेपायचे नाहीत. मी थोरली नाही."

तो बाजूला घडी करून ठेवलेल्या खुर्च्या एकेक करून मांडायला लागला.